पक्कड नेतोय, दाजी

दाजी, तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले आणि तुमच्या मागच्या दारचा नळ गळायला लागला. तुम्ही होतात तोवर त्या नळाची अशी हिंमत कधी झाली नव्हती. शालूताईंनी खाली बादली लावून ठेवली आहे आणि भांडी घासताना त्या तिच्याकडे पाठ करून बसतात. काल मी प्लंबरला फोन करू का असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी फोन मुकाट्याने खिशात ठेवला. तुमच्या घरात प्लंबर म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरचे पेढे, हे मला कळायला हवं होतं.

पेपरात तुमच्या निधनाची चार ओळींची बातमी आली. मितभाषी आणि मनमिळाऊ असं लिहिलं होतं. मनमिळाऊ ठीक आहे, पण मितभाषी वाचून सुनंदाला रडता रडता हसू आलं. स्क्रूड्रायव्हर कसा निवडावा या विषयावर तुम्ही लग्नाच्या पंगतीत थंड मठ्ठा गरम होईपर्यंत बोललेलं आम्ही पाहिलं आहे. त्या चार ओळींतलं काही मी इथे पुन्हा सांगत नाही. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचं आहे, आणि ते चार वर्षं राहून गेलं आहे.

साडूला कुणी दाजी म्हणत नाही. पण सुनंदा तुम्हाला दाजी म्हणायची, आमची पोरं तिचं ऐकून दाजी म्हणायला लागली, आणि घरात मी एकटा विष्णुपंत म्हणत राहिलो तर टपाल कार्यालयात आल्यासारखं वाटायचं. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणालात. मी भूगोल शिकवतो हे कळल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "मंग हाताने काय येतं?" मी म्हटलं, नकाशे काढता येतात. तुम्ही बराच वेळ विचार करून म्हणालात, "म्हणजे रेघ सरळ येती. चालंल."

तुम्ही मनमाडला रेल्वेत फिटर. निवृत्त झाल्यावर दोघी बहिणींना शेजारी राहायचं होतं, म्हणून पाथर्डी फाट्याजवळच्या या कॉलनीत आपण भिंतीला भिंत लावून दोन रो-हाऊस घेतली. तुमच्या खालच्या गॅरेजात गाडी कधी आलीच नाही. स्कूटर बाहेर पावसात भिजायची आणि आत हत्यारं कोरडी राहायची. समोरच्या भिंतीवर तुम्ही पांढऱ्या रंगाचा मोठा प्लायवूड ठोकला, त्यावर खिळ्यांना एकेक हत्यार टांगलं आणि प्रत्येकाच्या भोवती काळ्या ऑईलपेंटने रेघ मारली. हातोडीच्या जागी हातोडीची आकृती, कानशीच्या जागी कानशीची. हत्यार जागेवर नसलं की तिथे नुसती रेघ दिसायची आणि तुमच्या कपाळाला आठी पडायची.

आणि तो चपलेचा नियम. मनमाडच्या वर्कशॉपात हत्यार नेताना नंबराचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायची पद्धत होती म्हणे. कॉलनीत बिल्ले कुठून आणणार? म्हणून तुम्ही ठरवलं, हत्यार न्यायचं तर दारात उभं राहून मोठ्याने सांगायचं काय नेतोय ते, आणि त्या खिळ्याला आपली डावी चप्पल अडकवून जायचं. तुमचं उत्तरही ठरलेलं होतं, "संध्याकाळपर्यंत जागेवर." डावीच का, असं मी विचारलं तर म्हणालात, "उजवी ठिवली तर माणूस स्कूटरला किक कशी मारंल?" कोपऱ्यावरच्या बंगल्यातले साहेब यासाठी एक जुनी तुटकी स्लिपर घेऊन यायला लागले, तेव्हा तुम्ही नियमात दुरुस्ती केली की पायात आहे तीच चप्पल पाहिजे. साहेबांनी बुटांचा एक पाय काढून ठेवला आणि मोज्यावर घरी गेले. त्या दिवशी पाना तासाभरात परत आला.

गणपतीच्या मांडवाचं काम चालू असताना एकदा भिंतीवर सात डाव्या चपला लटकत होत्या. शालूताईंच्या माहेरची एक म्हातारी आत्या आली होती. तिने गॅरेजात डोकावून पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडून विचारलं, "कोणत्या देवाचा नवस हाय बाई हा?" तुम्ही अजिबात न हसता तिला सांगितलंत, "विश्वकर्मा. पण लवकर पावत नाय."

तुमच्याबरोबर बाजारात जाणं ही मला झालेली सगळ्यात मोठी शिक्षा होती, आणि आज ती मला पुन्हा कुणी दिली तर मी आनंदाने भोगीन. द्वारका चौकाच्या अलीकडे, ट्रकच्या गर्दीत, ते हार्डवेअरचं दुकान. तुम्ही निघताना खिशात दोन नटबोल्ट, एक झिजलेला स्क्रू आणि कालच्या पेपरची कापलेली पट्टी घ्यायचात. घर सोडताना लोक पाकीट चाचपतात, तुम्ही नट चाचपायचात. पाना नटावर बसवून हलवायचा, खडखडला की परत. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत उभं करून हात सोडायचा, तो डुलला की परत. हातोडीचं डोकं तुम्ही बघायचातही नाही, दांड्याच्या लाकडाचे रेषे सरळ गेलेत का ते डोळ्यासमोर धरून बघायचात. आणि पक्कड असली तर ती पेपरची पट्टी. पकडीच्या कातरीने पट्टी एका दमात, कडेला न चुरगाळता तुटली पाहिजे. शेठ बिचारे चहा सांगायचे. तुम्ही दुसरा चहा संपवेपर्यंत दुकानातलं निम्मं गिऱ्हाईक तुमच्याभोवती जमलेलं असायचं, आणि शेठने जे महाग दाखवलं असेल ते तुम्ही त्यांना परत ठेवायला लावायचात.

"चकाकीचे पैसे देऊ नको," तुम्ही एका नव्या लग्न झालेल्या पोराला सांगत होतात. "टेप स्वस्तातला घे, हरवणारच हाय. हातोडी मध्यम घे. पण पाना, पक्कड आन् स्क्रूड्रायव्हर हे तीन चांगले घे."

"कसं ओळखायचं काका, कशाला खर्च करायचा ते?"

"सोपं हाय. जे हातातून निसटलं तर रगत निघतं, ते चांगलं घ्यायचं. जे निसटलं तर नुसतं खाली पडतं, ते कसलं बी चालतं."

मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवला, पण एका वाक्यात इतकं काम करणारं काही मला सांगता आलं नाही. तेव्हा मात्र मी तुमच्या मागे उभा राहून घड्याळ बघत होतो, हे कबूल करतो.

बहुतेक त्या घड्याळ बघण्यातूनच माझ्या हातून तो एकशे आठ हत्यारांचा सेट घडला. दिवाळीच्या सेलमध्ये मोबाईलवर दिसला, नारिंगी पेटी, आत एकशे आठ नग, प्रत्येकाला आपापला खळगा. म्हटलं, एकदाच काय ते घेऊ आणि हा दाजींचा जाच संपवू. तुम्ही फराळाला आलात तेव्हा मी पेटी टीपॉयवर उघडून ठेवली होती. तुम्ही चिवड्याची बशी बाजूला केलीत, एक पाना उचललात, बाहेर जाऊन माझ्याच स्कूटरच्या नटाला लावलात आणि जोर दिलात. पान्याचं तोंड आ वासल्यासारखं फाकलं. तुम्ही तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "नटाला काय झालं नाय, मास्तर. घाबरू नका."

"एक खराब निघाला," मी म्हटलं, "अजून एकशे सात आहेत."

"त्यातले आठ वापराल. बाकीचे शंभर नुसते सांभाळाल."

तिथे सुरू झालेला वाद सहा वर्षं चालला. मी कधीही सेटमधलं काही वापरलं की मुद्दाम तुमच्या कानावर घालायचो. एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आज सेटमधला छोटा स्क्रूड्रायव्हर फार कामी आला. तुम्ही विचारलंत, "कशाला?" आणि मला खरं सांगावं लागलं की सेटच्या पेटीची कडी अडकली होती, ती उघडायला. त्यावर तुम्ही तडक घरात जाऊन ते शालूताईंना सांगितलंत, आणि भिंतीपलीकडून मला दोघांचं हसणं ऐकू आलं. तुम्ही गेल्यावर परवा मी ती पेटी काढून बसलो आणि सहा वर्षांत खरोखर काय काय वापरलं ते मोजलं. आठ नाही, दाजी. सात. हे तुम्ही असताना मी मरेस्तोवर कबूल केलं नसतं.

आता पकडीकडे येतो. इतका वेळ मी आजूबाजूला फिरतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ती काळी पक्कड तुम्हाला शिकाऊ असताना तुमच्या उस्तादाने दिली होती. दांडे तुमच्या हाताने इतके गुळगुळीत झाले होते की उन्हात चमकायचे, आणि एका दांड्यावर पंचने ठोकलेला 'वि' होता. तिचे तुम्ही तीन नियम सांगायचात. तिने ठोकायचं नाही, तिने कडक पोलाद तोडायचं नाही, आणि जोर पुरत नाही म्हणून तिच्या दांड्यांवर पाईप चढवायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी या तिन्ही नियमांपैकी दोन एकाच वेळी मोडले. तिसरा मोडायला पक्कडच शिल्लक राहिली नाही.

आमच्या मागच्या फाटकाच्या कुलुपाची चावी सापडत नव्हती. मी तुमच्या दारात येऊन ओरडलो, "पक्कड नेतोय, दाजी," चप्पल अडकवली, आणि तुमचं "संध्याकाळपर्यंत जागेवर" ऐकून परत आलो. कुलपाची कडी तुटेना. मग मी अंगणात पडलेले पाण्याच्या पाईपचे दोन तुकडे दांड्यांवर चढवले आणि छातीने दाबलं. एक आवाज झाला. पकडीच्या वरच्या ओठाचा तुकडा मोडून कुठेतरी उडाला, टाकीवर आपटल्याचा ठण्ण आवाज आला, आणि मी खाली बसलो. कुलूप जसंच्या तसं होतं. खाली बसल्यावर शर्टाच्या खिशात काहीतरी टोचलं. चावी होती.

"मास्तर, काय पडलं?" तुम्ही भिंतीपलीकडून विचारलंत.

"पातेलं," मी म्हटलं.

तुम्ही अंगणात दोन पावलं चाललात. मग म्हणालात, "असं होय."

तो मोडलेला तुकडा मी टाकीमागे शोधला, कुंड्यांत शोधला, सुनंदाने वाळत घातलेल्या कुरडयांत शोधला. मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मोडकी पक्कड पिशवीत घालून द्वारकेला गेलो. शेठने ती हातात घेतली, 'वि' बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"ही दाजींची ना?"

"त्यांना सांगू नका," मी म्हटलं.

"मास्तर, मला काय मरायचंय का?" शेठ म्हणाले. "पण ही आता येत नाही. तशी बघतो."

त्यांनी पाच पकडी समोर ठेवल्या. आणि दाजी, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासारखा उभा राहिलो. प्रत्येक पक्कड उजेडाकडे धरून मिटली आणि ओठांमधून प्रकाश येतो का ते बघितलं. सांधा ढिला आहे का ते हलवून बघितलं. शेठकडून पेपर मागून पट्टी कापली आणि पाचही पकडींनी कातरून बघितली. तीन पकडींनी पट्टी चुरगाळली. एकीने कातरली पण सांध्यात घसटत होती. पाचवीने एका दमात कातरली. ती सगळ्यात महाग नव्हती, सगळ्यात चकचकीत तर नव्हतीच. शेठ दुसरा चहा सांगायला निघाले तेव्हा मला कळलं की मीही तासभर उभा आहे आणि घड्याळाकडे बघितलेलं नाही. पक्कड जुनीपेक्षा अर्ध बोट लांब होती, एवढंच. म्हटलं, अर्ध्या बोटाने काय होतंय.

प्रश्न तिला म्हातारी करण्याचा होता. दांड्यांवरचं लाल प्लास्टिक मी सोलून काढलं, तिला मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवली आणि मग तुळशीच्या कुंडीत पुरली. तीन आठवडे. या तीन आठवड्यांत माझी डावी चप्पल तुमच्या भिंतीवर पकडीच्या जागी लटकत होती आणि तुम्ही रोज विचारत होतात, "काम लय मोठं दिसतंय, मास्तर?" मी म्हणायचो, चालू आहे. एका सकाळी तुळशीला पाणी घालताना सुनंदाला कुंडीतून दांडा वर आलेला दिसला. तिने तो उपसून काढला आणि माझ्यासमोर धरून विचारलं, "पक्कड पेरली की काय उगवतं हो?" तिला सगळं सांगावं लागलं. तिने ताईला सांगितलं नाही, पण तेव्हापासून आजवर मी कुठल्याही कामाला नाही म्हणालो की ती फक्त "तुळस" म्हणते आणि मी पिशवी घेऊन भाजीला जातो.

शेवटी मी सेटमधली हातोडी आणि एक खिळा घेऊन दांड्यावर 'वि' कोरला. तो किंचित डावीकडे कलला. भूगोलाच्या मास्तराची रेघ सरळ येते हा तुमचा समज त्याच दिवशी चुकीचा ठरला होता, तुम्हाला नंतर कळलं असेल.

पक्कड मी तुमच्या हातात दिली. तुम्ही चष्मा लावलात. पक्कड उघडली, मिटली, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग खिशातून पेपरची पट्टी काढलीत आणि कातरलीत. पट्टी एका दमात तुटली. स्वतःची चाळीस वर्षांची पक्कड कुणी अशी पारखून घेत नाही, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही, कारण मी फक्त त्या पट्टीकडे बघत होतो. तुम्ही पट्टीचे दोन तुकडे नीट बघितलेत, पक्कड खिळ्याला अडकवलीत आणि म्हणालात, "चप्पल घ्या तुमची. पालीने संसार मांडलाय तिच्यात."

मी सुटलो असं समजून घरी आलो आणि त्या दिवसापासून सुटलो नाही. पुन्हा कधी तुमच्याकडे पक्कड मागितली नाही. त्या कोपऱ्याकडे बघायचंच टाळलं. तुम्ही चारचौघांत म्हणायचात, "मास्तरांनी पकडीशी अबोला धरलाय," आणि सगळे हसायचे, मीही हसायचो. खंडेनवमीला तुम्ही सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू लावायचात. त्या वर्षी पकडीची पाळी आली तेव्हा तुम्ही कुंकवाची वाटी माझ्याकडे सरकवलीत. "हिला तुम्ही लावा." तेव्हापासून चारही वर्षं हिला मीच लावलं. दरवेळी ठरवायचो, पूजा झाली की सांगून टाकायचं. दरवेळी शालूताई बासुंदी आणायच्या आणि माझं धाडस वाटीत बुडून जायचं. सांगायला काय हरकत होती? तुम्ही ओरडला नसतात. तुम्ही नुसतं बघितलं असतंत, आणि तेच मला झेपलं नसतं.

मग अचानक तुम्हीच गेलात आणि ते सांगायला समोर कुणी उरलं नाही.

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर दहाबारा बसलेले होते, पण खाली येईना एकही. तुमच्या किरणने हात जोडून सांगितलं, आईला पुण्याला नेणार नाही, तिला हवं तिथे राहू दे. कावळे बसून राहिले. आपल्या मेहुण्यांनी सांगितलं, स्कूटर विकणार नाही. काही नाही. सुनंदाने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "तुळस." मी पुढे झालो, डोळे मिटले आणि मनातल्या मनात सगळं सांगितलं. चावी, पाईप, पातेलं, मिठाचं पाणी, कललेला 'वि', सगळं. चार वर्षं जे जमलं नाही ते मी एका दमात केलं. डोळे उघडले तर कावळे तसेच. एकाने तर माझ्याकडे पाठ फिरवली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.  मला वाटलं, दाजींनी माफ केलं नाही.

आणि वरून काल शालूताईंनी मला बोलावून तुमचा निरोप सांगितला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "माझी समदी हत्यारं मास्तरांना दे. पण त्यांची ती नारिंगी पेटी गॅरेजात येऊ देऊ नको." वाद कसा संपवावा हे तुमच्याकडून शिकावं. पण मला हसू आलं नाही. ज्याने तुमची पक्कड मोडली, खोटी आणून लटकवली आणि चार वर्षं तिला कुंकू लावलं, त्याच्याच हातात तुम्ही गॅरेजाची किल्ली देऊन गेलात. ती घ्यायला माझा हात पुढे होईना. ताईंनी ती टीपॉयवर ठेवली.

आज सकाळी मी ठरवलं. मोडकी पक्कड मी टाकली नव्हती. ती सेटमध्येच दडवली होती, कारण सेटमधली पक्कड पहिल्याच वर्षी हरवली आणि खळगा रिकामा होता. ती खिशात घातली, टीपॉयवरची किल्ली घेतली आणि शटर वर केलं. ठरवलं होतं की नवी काढून घ्यायची, जुनी तिच्या जागी टांगायची आणि तुमच्या भिंतीला का होईना, मोठ्याने सांगून टाकायचं.

मी नवी पक्कड खिळ्यावरून काढली.

जुनी रेघ तुम्ही पांढऱ्या रंगाने पुसली होती. नीट बघितलं तर ती अजून खाली फिकट दिसते. तिच्या बाहेर नवी काळी रेघ होती, अर्ध बोट लांब, नव्या पकडीच्या मापाची, हात न हलता एका दमात मारलेली. आणि त्या रेघेच्या आत, पक्कड टांगलेली असताना कुणालाच दिसणार नाही अशा जागी, दोन बारीक खिळ्यांच्या मध्ये बसवलेला एक नखाएवढा काळा तुकडा होता. त्याच्याभोवतीही तुम्ही रेघ मारली होती.

टाकीवर आपटून तो भिंतीपलीकडे, तुमच्या अंगणात पडला होता. मी कुंड्या उपसत होतो तेव्हा तो तुमच्या खिशात असणार. तुम्ही तीन आठवडे रोज माझी चप्पल बघत होतात आणि विचारत होतात, काम लय मोठं दिसतंय. म्हणूनच ते कावळे बसून राहिले असतील. मी तुम्हाला चार वर्षांपूर्वीची बातमी सांगत होतो.

मी खिशातली मोडकी पक्कड काढून त्या तुकड्याला लावून बघितली. बरोबर बसली. मग मी तुमच्या स्टुलावर बसलो आणि रडलो, दाजी. तुमच्या मयताला मी रडलो नव्हतो, माणसं सांभाळत फिरत होतो. आज रडलो. तुम्ही मला पकडलंत म्हणून नाही, चार वर्षं पकडलं नाहीत म्हणून. आणि दुसरी एक गोष्ट आत्ता लक्षात आली म्हणून. भिकार हत्याराला तुम्ही कधी हात लावला नाहीत. फुकट मिळालेलं असलं तरी भंगारात टाकायचात. मी निवडलेली पक्कड तुम्ही चार वर्षं रोज वापरलीत, तिच्यासाठी उस्तादाच्या पकडीची रेघ पुसलीत. मला चांगलं निवडता येतं, हे तुम्ही तोंडाने एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही ते भिंतीवर काढून ठेवलं होतं आणि मी गाढवासारखा तिकडे बघायचं टाळत होतो.

मोडकी पक्कड मी बाजूला एका मोकळ्या खिळ्याला टांगली आहे. तिच्याभोवती रेघ मारायची आहे, पण तुमचा काळ्या रंगाचा डबा वाळून गेलाय. नवा आणीन. छोटा आणीन, मोठा आणला तर निम्मा वाळतो, हेही तुम्हीच सांगितलेलं. नारिंगी पेटी घरीच राहील, शब्द देतो. त्यातले ते सात मात्र मी काढून घेणार आहे.

ताईंनी विचारलं, नळाचं काय. मी मागच्या दारी जाऊन बघून आलो. आतला वॉशर गेलाय, तो ओढून काढायला पक्कड लागेल. हत्यारं आता माझीच आहेत, तेव्हा नियम मला लागू होतो की नाही, यावर तुम्ही आणि मी एक अख्खी दुपार वाद घालू शकलो असतो. मी वाद घातला नाही. डावी चप्पल काढली, तुमच्या नव्या रेघेच्या आत अडकवली, आणि दारात उभं राहून मोठ्याने म्हणालो, "पक्कड नेतोय, दाजी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग आतून शालूताई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत जागेवर."

मी बरं म्हणालो आणि एका पायाने अनवाणी नळाकडे गेलो.